घरची बिअर 'कडक' कशी होते? यीस्टच्या पोटाचा हिशोब

(एपिसोडचा लिखित भाग. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.)

आजचा प्रश्न आपल्या बाहेरदेशी राहणाऱ्या श्रोत्यांकडून खूपदा येतो. "घरी एल बनवतो, पण ती ४-५ टक्क्यांच्या वर जातच नाही. कडक कशी करू?"

आधी कायद्याचं बोलून घेऊ. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर बनवायला केंद्राची परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये तर १९६३ पासून लायसन्स लागत नाही. महाराष्ट्रात मात्र लायसन्सशिवाय दारू बनवणं, अगदी स्वतःपुरती का असेना, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पोरांनो, तुम्ही हे समजून घ्यायला ऐका, बनवायला नाही. समजून घेणं का गरजेचं, ते शेवटी कळेलच.

आता मुद्दा. मी ब्राह्मणपुरीचा, शहादा तालुका. वर सातपुडा, तिथे मोह. इकडे खाली तापीकाठी ऊस. मोहाचं वाळलेलं फूल असो, उसाचा गूळ असो की विलायतेतला जव, दारूचं मूळ एकच : साखर. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल अन् कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल, बाकीचा गॅस. म्हणजे इनपुट जेवढं, आउटपुट त्याच्या जेमतेम निम्मं. यात जुगाड चालत नाही.

हे मोजायचं कसं? हायड्रोमीटरने. आंबायच्या आधी रसाची घनता बघायची, आंबून झाल्यावर परत बघायची. समजा आधी १.०५० आणि नंतर १.०१२. फरक ०.०३८. त्याला १३१.२५ ने गुणा, आले साधारण ५ टक्के. हा फरक वाढवणं म्हणजेच बिअर कडक करणं. त्याचे रस्ते तीन.

पहिला : जवाच्या माल्टमधून जास्त साखर काढा. यीस्टला स्टार्च खाता येत नाही. माल्ट गरम पाण्यात भिजवला की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पाणी ६३-६५ अंशांवर ठेवलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त निघते. ६९-७० वर गेलात तर न पचणारी जास्त निघते, बिअर अंगाने जाड लागते पण कडक होत नाही. नवीन काही न घालता फक्त थर्मामीटर नीट वापरून थोडा फरक पडतो.

दुसरा : वरून साखर. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेने १ टक्का वाढतो. २० लिटरची बिअर ५ वरून साडेसहावर न्यायची तर अर्धा किलो पुरते. गूळ चालतो, पण त्यात पाणी आणि क्षार असतात म्हणून थोडा जास्त लागतो, आणि चव उतरते ती वेगळीच. मात्र ही साखर माल्टच्या दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर बिअर पाणचट आणि नुसती जळजळीत लागते.

तिसरा, आणि इथेच सगळे अडकतात : यीस्टची काळजी. साखर दुप्पट केली म्हणून अल्कोहोल दुप्पट होत नाही. सर्व्हरवर एकदम लोड टाकला की तो जसा बसतो, तसंच. फार गोड रसात यीस्टच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. पुढे अल्कोहोल वाढलं की त्याच अल्कोहोलने ती मरायला लागते. एलचं नेहमीचं यीस्ट ८ ते १० टक्क्यांपर्यंत टिकतं, वाइनची काही यीस्टं १५ च्या पुढे जातात. म्हणून कडक बिअरला यीस्ट जास्त घ्यावं. सुरुवातीला गार रस चांगला हलवून हवा द्यावी, नंतर मात्र अजिबात नाही. जास्तीची साखर दोन-तीन हप्त्यांत घालावी. आणि तापमान १८ ते २० अंश. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या घरात ठेवलं तर यीस्ट पळतं खरं, पण फ्युजेल नावाची जड अल्कोहोलं तयार करतं. चव थिनरसारखी होते.

एक धोका : घाईने बाटल्या भरू नका. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच काम संपलं समजा. आत साखर शिल्लक राहिली तर गॅस बनत राहतो आणि काचेची बाटली फुटते.

आता आपल्याकडे या. पेपरात वाचतो ना, 'गूळ-नवसागरमिश्रित कच्चे रसायन नष्ट'? नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. नुसत्या गुळात यीस्टला लागणारा नायट्रोजन फार कमी असतो, तो यातून मिळतो. परदेशातले होमब्रूअरही यीस्टला अमोनियमचंच खाद्य देतात. फरक एवढाच, की ते खाण्याच्या दर्जाचं असतं आणि ग्रॅमवर मोजून घालतात. हातभट्टीत कोणत्या दर्जाचं आणि किती, हे पिणाऱ्याला कोण सांगणार?

त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे 'किक'. यीस्ट एका हद्दीला थांबतं. त्यापुढे स्वस्तात कडक करायला काही जण बाहेरून स्पिरिट ओततात, आणि त्यात मिथेनॉल असलं की संपलं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभरहून जास्त माणसं अशाच दारूने गेली. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाव घालतं. लक्षणं दिसायला कधी कधी बारा-चोवीस तास लागतात, म्हणून 'रात्री तर बरा होता' असं घरचे म्हणतात. प्यायल्यावर नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, श्वास लागला तर झोपवून ठेवू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. वेळेत गेलं तर उपचार आहेत. वास घेऊन किंवा पेटवून बघून मिथेनॉल खात्रीने ओळखता येत नाही.

आणि दारू शुद्ध असली तरी आकड्याला अर्थ आहे. ३३० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल, १० टक्केवालीत २६. बाटली तेवढीच दिसते, पण तुम्ही दोन प्यालेले असता. गाडीची चावी उचलताना हे गणित करा.

आमच्या शहादा भागात १९७० च्या दशकात आदिवासी बायकांनी अड्ड्यांवर जाऊन दारूची मडकी फोडली होती. नवरा दारू पिऊन मारतो आणि मजुरीही उडवतो, हे त्यांचं दुखणं होतं. दारू कडक झाली की तिचा हिशोब घरातल्या कुणालातरी भरावा लागतो, हे त्यांना हायड्रोमीटरशिवाय कळलेलं होतं.

तर बाहेरदेशी बनवणाऱ्यांनो, साखर मोजा, यीस्टला सांभाळा, आणि घाई करू नका. इथल्यांनो, समोर आलेल्या पेल्यात यीस्टने खाल्लेल्या साखरेशिवाय आणखी काय आहे, ते माहीत नसेल तर तो पेला खाली ठेवा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!