ढाक आणि मकिकोमी

आमच्याकडे माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरली की गावागावांतली पोरं लोहा रस्त्याला लागतात. मीही त्यांतलाच. लातूर जिल्ह्यातल्या तालमीत चार वर्षे माती अंगाला लावून घेतली आणि पुढे शिक्षणासाठी नांदेडला आलो. येथे मातीऐवजी गादी मिळाली आणि लंगोटाऐवजी जाड सुती अंगरखा. हा खेळ ज्यूदो. त्यातील एका विशिष्ट फेकीविषयी येथे लिहावयाचे आहे. कारण ती मी आधी चुकीची शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोची मांडणी केली. या विद्येत 'मकिकोमी' नावाचा फेकींचा एक गट आहे. जपानी भाषेत त्याचा अर्थ साधारणपणे 'गुंडाळून आत घेणे' असा होतो. (मराठीत 'गुंडाळणे' म्हणजे फसवणेही होते, आणि तोही अर्थ येथे अगदीच गैरलागू नाही!) एरवी फेक करणारा स्वतः उभा राहतो व समोरच्याला पाडतो. मकिकोमीत मात्र तो प्रतिस्पर्ध्याचा हात आपल्या अंगाभोवती लपेटतो, गिरकी घेतो आणि स्वतःही खाली जातो. स्वतःचे वजन हेच त्याचे हत्यार.

आपल्या मातीतल्या माणसाला हे फारसे परके वाटू नये. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांचा हातखंडा डाव होता ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घ्यायची, कंबर त्याच्या पोटाखाली फिरवायची आणि त्याला कमरेवरून पाठीवर आणायचे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक तालमीत असे डाव घोटवून घेणारे वस्ताद आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल. म्हणूनच गादीवर आल्याबरोबर 'हे आम्हाला येते' असे मला वाटले. तिथेच घोटाळा झाला.

सोतो-मकिकोमी, म्हणजे बाहेरून गुंडाळण्याची फेक, अशी होते. डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही धरून त्याला पुढे ओढायचे, इतके की त्याच्या टाचा उचलल्या जाव्यात. त्याच वेळी उजवा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकून डावीकडे वळायचे. कॉलरवरचा उजवा हात सोडायचा, तो त्याच्या उजव्या दंडावरून नेऊन दंड आपल्या काखेत घट्ट दाबायचा. मग थांबायचे नाही. नजर डाव्या खांद्यावरून मागे न्यायची म्हणजे डोक्यामागे खांदे, खांद्यामागे कंबर आपोआप फिरते, आणि तो आपल्या पाठीवरून गरगरत खाली जातो. हात वरून न नेता त्याच्या काखेखालून घातला तर तीच उचि-मकिकोमी.

या वर्णनातला 'दंड' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी दंडाऐवजी कोपराजवळ पकड घेत असे. शिवाय वळण्याची घाई नसे, पडण्याची असे. कुस्तीत अंगावर अंग टाकून दाबायची सवय. वळण पूर्ण न होता देह सरळ खाली गेला की काखेतला हात तरफेसारखा वाकतो आणि सगळा भार कोपरावर येतो. एका संध्याकाळी नेमके तसेच झाले. माझ्या जोडीदाराने 'थांब' म्हणायच्या आत मी खाली गेलो होतो. त्याचा उजवा हात तीन आठवडे गळ्यात होता. सहामाहीचा एक पेपर त्याने लेखनिक घेऊन दिला. त्याच्या वह्या मी उतरवून दिल्या, पण माझे अक्षर त्याला लागत नसे, हाही एक अपराधच.

पुढे कळले की 1920 साली कोदोकानने पाच गटांत 40 फेकी लावल्या, त्यांत सोतो-मकिकोमी चौथ्या गटात आहे. पहिल्या तीन गटांतल्या 24 फेकी तिच्या आधी येतात. मी मात्र थेट चौथ्या मजल्यावर उडी घेतली होती.

आता मी ती पुन्हा पहिल्यापासून शिकतो आहे. आधी नुसते पडणे: हनुवटी छातीला, मोकळा हात गादीवर आपटून. मग फेक न करता नुसते आत शिरणे, पन्नास-साठ वेळा. त्यानंतर जाड गादीवर, सावकाश. पडताना आपला खांदा त्याच्या बरगड्यांवर आदळू नये म्हणून शेवटपर्यंत फिरत राहायचे. डोके गादीकडे घालून सूर मारायचा नाही. त्यात मानेला धोका असतो आणि स्पर्धेत तसे केल्यास खेळाडू बाद होतो.

आमच्यासारख्यांना आणखी एक अडचण. बोट चुकले की हात आपसूक पट काढायला जातो, आणि 2010 नंतर आंतरराष्ट्रीय ज्यूदोने उभ्या स्थितीतून पाय पकडण्यावर निर्बंध आणले. तालमीत ज्या सवयीला शाबासकी मिळत असे, तिला येथे शिक्षा! तोल मोडायला बाहीच कामी येते, आणि बाही ओढायला बोटांत बळ हवे. रोज टॉवेल पिळून मी ते कमावतो आहे; वसतिगृहातल्या मित्रांना वाटते, मी फार स्वच्छ झालो आहे.

जोडीदार गेल्या महिन्यात परत गादीवर आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आता मी फेकणार, तू पड." त्याने माझा दंड काखेत धरला, कोपर सोडून, बरोबर वर. मी पडलो, हात आपटला आणि उठून पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिलो.