लिनक्स आणि अँड्रॉइड : घरच्या ठेव्याची ने-आण

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांत एक ठेवा हमखास आढळतो. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो की बेळगाव. माळ्यावरच्या एखाद्या ट्रंकेत आजोबांची पत्रे, लग्नकार्याच्या याद्या, मोडीतील कागद, आजीच्या हातची पाककृतींची वही असे काही ना काही जपून ठेवलेले असते. अलीकडे या ठेव्याला नवे रूप येऊ लागले आहे. कागदांची छायाचित्रे टॅबलेटवर घेतली जातात. आजीच्या तोंडच्या ओव्या आणि भोंडल्याची गाणी त्याच टॅबलेटवर ध्वनिमुद्रित होतात. आणि पुढे नीट नावे देऊन, लावून ठेवण्यासाठी हे सारे घरच्या संगणकावर न्यावे लागते. उलटपक्षी, संगणकावर टंकलिखित केलेली वंशावळ आजोबांना आरामखुर्चीत बसून वाचता यावी म्हणून टॅबलेटवर धाडावी लागते.

ही ने-आण वाटते तितकी सरळ नाही. संगणक लिनक्सवर चालणारा आणि टॅबलेट अँड्रॉइडचा असला, म्हणजे पुष्कळ मंडळी अडखळतात. अशी जोडी आता अनेक घरांत दिसू लागली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला, आणि नवी प्रणाली न पेलणारे परंतु अन्यथा धडधाकट असलेले जुने संगणक लिनक्स घालून वापरात ठेवण्याकडे कल वाढला. तेव्हा या दोन यंत्रांमधील व्यवहार कसा चालतो, तो कोठे अडतो आणि त्यात कोणती सावधगिरी बाळगावयाची, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एका कुळातील दोघे

गंमत अशी की ही दोन्ही यंत्रे एकाच कुळातील आहेत. लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, आणि त्याच्या पोटातही हाच लिनक्सचा गाभा आहे. मग सख्ख्या भावंडांना एकमेकांशी बोलावयास अडचण का पडावी?

याचे उत्तर घराच्या रीतीत आहे. अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत फोन केबलीने संगणकाला जोडला की त्याचे कार्ड एखाद्या पेन ड्राइव्हसारखे संगणकाच्या ताब्यात जाई. यात एक मोठी अडचण होती. जमाखर्चाच्या एकाच वहीत दोन कारकून एकाच वेळी लिहू लागले तर हिशेब बिघडावयाचाच; तद्वतच एका साठवणीवर दोन यंत्रांनी एकाच वेळी लिहिले तर तिची मांडणी मोडते. म्हणून जोडणी चालू असेतोवर फोनला आपल्याच कार्डावर पाणी सोडावे लागे.

२०११ साली खास टॅबलेटांसाठी निघालेल्या ३.० या आवृत्तीपासून अँड्रॉइडने दुसरा मार्ग धरला. त्याचे नाव मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल, संक्षेपाने एमटीपी. ग्रंथालयाची उपमा दिली तर हा फरक चटकन ध्यानी येईल. पूर्वीची रीत म्हणजे वाचकाने थेट कपाटात हात घालावा अशी. नवी रीत म्हणजे वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि ग्रंथपालाने पुस्तक आणून द्यावे अशी. येथे ग्रंथपाल म्हणजे टॅबलेट. साठवण शेवटपर्यंत त्याच्याच ताब्यात राहते. संगणकाने केवळ मागावयाचे. त्यामुळे साठवण सुरक्षित राहते, परंतु काम काहीसे संथ होते आणि ग्रंथपाल जागेवर नसला तर काहीच मिळत नाही. टॅबलेटचा पडदा कुलूपबंद असला की संगणकावर रिकामे फोल्डर दिसते, त्याचे कारण हेच.

केबलीचा मार्ग

प्रथम केबल पाहावी. साध्या यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलीने टॅबलेट चार्ज होतो, पण संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. पुष्कळांचा अर्धा दिवस याच एका कारणापायी वाया जातो.

केबल योग्य असली तरी जोडल्याबरोबर टॅबलेट बहुधा केवळ चार्ज होऊ लागतो. पडद्याचे कुलूप उघडून, वरच्या कडेवरून बोट खाली ओढून, यूएसबीसंबंधीच्या सूचनेवर ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडावा. उबुंटू, मिंट, फेडोरा यांसारख्या प्रचलित लिनक्समध्ये एमटीपी समजण्याची सोय मुळातच असते. फाइल व्यवस्थापकाच्या डाव्या बाजूस टॅबलेटचे नाव उमटते. आत छायाचित्रांसाठी ‘डीसीआयएम’, कागदपत्रांसाठी ‘डॉक्युमेंट्स’, संगीतासाठी ‘म्युझिक’ अशी फोल्डरे दिसतात.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, एका वेळी एकाच प्रोग्रॅमने टॅबलेटशी बोलावे. छायाचित्रे उतरवून घेणारा प्रोग्रॅम आणि फाइल व्यवस्थापक दोन्ही उघडले तर ‘उपकरण व्यग्र आहे’ असा निरोप येतो. दोन, नुकतीच तयार झालेली फाइल कधीकधी संगणकावर दिसत नाही, कारण टॅबलेटच्या यादीत ती अद्याप चढलेली नसते. टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केल्यास बहुधा ती दिसू लागते. तीन, या मार्गाने जाताना फाइलीची मूळ तारीख पुष्कळदा पुसली जाते आणि आजची तारीख पडते. म्हणून ध्वनिमुद्रण कोणत्या दिवशीचे, हे फाइलीच्या नावातच लिहून ठेवावे.

बिनतारी मार्ग

केबल नको असेल तर घरच्या वाय-फायचा उपयोग करावा. ‘लोकलसेंड’ आणि ‘केडीई कनेक्ट’ हे दोन प्रोग्रॅम विनामूल्य व खुल्या पद्धतीचे असून लिनक्स व अँड्रॉइड दोहोंसाठी मिळतात. दोन्ही यंत्रांवर तोच प्रोग्रॅम घ्यावा आणि दोन्ही एकाच वाय-फायवर असावीत. लोकलसेंडमध्ये फाइल निवडून समोर दिसणाऱ्या यंत्राच्या नावास बोट लावावे, व घेणाऱ्याने संमती द्यावी. केडीई कनेक्टमध्ये प्रथम एकदा दोन्ही यंत्रांची जोडी जुळवावी लागते, पुढे ती ओळख टिकते.

या मार्गाचा मोठा गुण असा की फाइल घराबाहेर जात नाही. राउटरला बाहेरची इंटरनेट जोडणी नसली तरीही काम होते. यंत्रे एकमेकांस दिसेनाशी झाली तर दोन कारणे तपासावीत : एखादे यंत्र पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर तर नाही ना, आणि लिनक्सच्या फायरवॉलने वाट तर अडवली नाही ना. लोकलसेंडला ५३३१७ आणि केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ या क्रमांकांची दारे उघडी लागतात.

निरोपांच्या ॲपवरून छायाचित्र स्वतःलाच धाडून ते संगणकावर उतरवून घेण्याची युक्ती अनेकजण करतात. घाईच्या वेळी ती ठीक आहे. पण अशा ॲपमध्ये छायाचित्राचा आकार पुष्कळदा घटवला जातो. पडद्यावर भेद जाणवत नाही. मात्र मोडीतील फिकट झालेले अक्षर मोठे करून पाहू गेल्यास ते विरघळलेले आढळते. जतन करावयाच्या कागदांसाठी हा मार्ग टाळलेलाच बरा.

पेन ड्राइव्हचा मार्ग

तिसरा मार्ग पेन ड्राइव्हचा. टॅबलेटच्या तोंडाशी जुळणारा पेन ड्राइव्ह किंवा तसा जोड मिळतो. येथे प्रश्न पेन ड्राइव्हच्या आतील मांडणीचा येतो. लिनक्सची स्वतःची ‘ईएक्सटी४’ मांडणी टॅबलेट सहसा वाचत नाही. ‘फॅट३२’ सर्वांना वाचता येते, पण तीत एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा, म्हणजे चार जीबीपेक्षा, मोठी मावत नाही. लग्नसमारंभाची लांबलचक चित्रफीत येथेच अडते. ‘एक्सफॅट’ मांडणीत ही मर्यादा जाचत नाही. लिनक्सच्या गाभ्यात तिला २०१९ साली स्थान मिळाले. तुमचा टॅबलेट ती वाचतो की नाही, हे मात्र एक छोटी फाइल नेऊन आधी पाहावे.

पेन ड्राइव्हवर लिहिताना लिनक्स माहिती प्रथम आपल्या स्मृतीत घेतो आणि मग सवडीने पुढे ढकलतो. त्यामुळे काम संपल्याचे दिसले तरी प्रत्यक्ष लेखन चालू असू शकते. ‘इजेक्ट’ केल्यावाचून पेन ड्राइव्ह उपटणे म्हणजे शाई वाळण्यापूर्वी वही मिटणे होय.

मराठी नावांची अडचण

आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक बाब आहे. फाइलींना मराठीत नावे देणे योग्यच. परंतु यंत्राची मोजदाद निराळी असते. लिनक्समध्ये नावाची मर्यादा सर्वसाधारणपणे २५५ बाइट असते. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन लागतात. आणि काना, मात्रा, पाय मोडण्याचे चिन्ह ही सारी स्वतंत्र मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात अशी १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट झाले. या हिशेबाने देवनागरी नाव ८५ चिन्हांत संपवावे लागते. पत्राचा सबंध आशय नावात कोंबू नये.

शिवाय लिनक्सला नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारका चालते. टॅबलेटच्या साठवणीत ही चिन्हे वर्ज्य आहेत. ‘आजीचे पत्र : १९५२’ असे नाव असलेली फाइल केवळ त्या दोन टिंबांपायी अडून बसेल किंवा तिचे नाव बदलेल. त्याऐवजी ‘१९५२-आजीचे-पत्र’ असे लिहावे. वर्ष आधी घातल्याने फाइली कालक्रमाने लागतात, हा आणखी एक लाभ.

तिसरी खोच ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांची. ‘गोऱ्हे’, ‘दऱ्या’ असे शब्द यंत्रात एकाहून अधिक प्रकारे टंकता येतात. डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावे यंत्राच्या लेखी भिन्न असू शकतात. शोध घेऊनही फाइल सापडत नसेल तर ती हरवली असे लगेच मानू नये. नावाचा दुसरा एखादा भाग टंकून पाहावा.

प्रत आधी, मूळ शेवटी

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्रंकेतील कागदाला वाळवी लागण्यास वर्षे लागतात. टॅबलेटवरील ध्वनिमुद्रण एका बोटाने नाहीसे होते. ज्या ओव्या आजीने आपल्या आजीकडून ऐकल्या आणि ज्या कोठेही छापल्या गेल्या नाहीत, त्या म्हणणारा आवाज दुसऱ्यांदा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून एक शिस्त घरातल्या सर्वांनी पाळावी : फाइल ‘कट’ करू नये, ‘कॉपी’ करावी. वाटेत केबल निसटली, तर कॉपी करताना मूळ जागेवर राहते; कट करताना तशी हमी नाही.

प्रत पोहोचल्यावर प्रथम फाइलींची संख्या आणि बाइटांतील एकूण आकार दोन्हीकडे जुळतो का पाहावे. काही छायाचित्रे उघडावीत, ध्वनिमुद्रणाचा शेवटचा मिनिट ऐकावा. अर्धवट आलेली फाइल आरंभी ठीक आणि अखेरीस तुटलेली असते. अत्यंत मोलाच्या फाइलींसाठी लिनक्समध्ये आणखी एक साधन आहे. ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा फाइलीतील मजकुरावरून ६४ चिन्हांचा एक ठसा काढून देते. फाइलीत एका बिंदूचा फरक पडला तरी ठसा पार बदलतो. टॅबलेटवर धाडलेली फाइल वेगळ्या फोल्डरात परत आणून दोहोंचे ठसे जुळवून पाहिले की शंकेस जागा उरत नाही.

दोन इशारे आणखी. काही ॲप आपली ध्वनिमुद्रणे स्वतःच्या खाजगी कप्प्यात ठेवतात. २०२० साली निघालेल्या अँड्रॉइड ११ पासून या कप्प्यांवर अधिक निर्बंध आले आहेत, आणि ॲप काढून टाकले की त्या कप्प्यातील फाइलीही जातात. म्हणून ॲपमधील ‘शेअर’ किंवा ‘एक्सपोर्ट’ या सोयीने फाइल आधी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरात आणावी. दुसरे, दोन्ही यंत्रांतील फोल्डरे आपोआप सारखी राखणारे प्रोग्रॅम सोयीचे असले तरी ते म्हणजे जतन नव्हे. एकीकडे चुकून पुसलेली फाइल ते दुसरीकडूनही इमानेइतबारे पुसतात.

यांपैकी कोणता मार्ग निवडावा? चार-दोन फाइलींना वाय-फाय बरा, शेकडो छायाचित्रांना केबल बरी, आणि गावोगावच्या नातलगांस द्यावयाच्या मोठ्या चित्रफितींना पेन ड्राइव्ह बरा. मार्ग कोणताही असो, संगणकावरील प्रतीखेरीज आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरी ठेवावी. टॅबलेटवरची मूळ फाइल त्यानंतरच पुसावी. घरातील शाळकरी मुलांना हे काम शिकवावे आणि जोखमीने सोपवावे. आजीच्या ओव्यांना नाव देण्यासाठी त्या ऐकाव्या लागतात, आणि फिकट पत्राचे वर्ष लिहिण्यासाठी ते वाचावे लागते.