दरवाजे भक्कम, पण कडा?

ग्वाल्हेरचा किल्ला बघायला पाहुणे आले, की आपण त्यांना एकामागून एक दरवाजे दाखवत वर नेतो. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपमचे शिपाई मात्र यातल्या एकाही दरवाजाने आले नाहीत. शिड्या लावून ते कडा चढले आणि शिंद्यांच्या शिबंदीला जाग येईतो किल्ला गेला होता.

घरच्या संगणकांनाही असाच एक कडा असतो. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एखाद्या घरात आज दुकानाच्या हिशेबाचा विंडोज संगणक, मुलीचा मॅक आणि मुलाचा लिनक्स एकाच वायफायवर असतात. त्यांच्यात फायली फिरवायच्या म्हटलं, की काही समजुती हमखास कानावर येतात.

गैरसमज : तिघांची जात वेगळी, पेन ड्राइव्हच बरा.
वस्तुस्थिती : घरात मराठी, महाराज बाड्याच्या बाजारात हिंदी, हे आपल्याला नवं नाही, संगणकांचंही तसंच. फायलींच्या देवघेवीची त्यांची सामाईक बोली म्हणजे एसएमबी. विंडोजची ती मूळचीच. मॅकने २०१३ पासून तिची दुसरी आवृत्ती आपलीशी केली. लिनक्स ती बोलतं सांबा या सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ते काम सुरू केलं.

गैरसमज : घरचंच वायफाय, पासवर्ड कशाला?
वस्तुस्थिती : वायफायचा पासवर्ड पाहुण्यांकडे असतो, भाडेकरूकडेही असतो. जोडणी जमेना म्हणून पासवर्डची अट काढून फोल्डर ‘एव्हरीवन’ला खुलं केलं, तर त्या सगळ्यांना हिशेब दिसतो. प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. ज्याला फक्त वाचायचं आहे, त्याला बदलण्याची मुभा नको.

गैरसमज : पासवर्ड लावला, आता चिंता नाही.
वस्तुस्थिती : १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या घातक प्रोग्रामने कुणाला पासवर्ड विचारला नाही. एसएमबीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. म्हणून पहिली आवृत्ती बंद ठेवा. तिसऱ्या आवृत्तीत वाटेवरचा मजकूर कूटबद्ध करता येतो, पण ते सहसा मुद्दाम चालू करावं लागतं.

गैरसमज : लिनक्सला कसली भीती?
वस्तुस्थिती : त्याच मे महिन्यात सांबामध्येही एक गंभीर भोक सापडलं. ते सात वर्षं तिथेच होतं. अपडेट सगळ्यांनाच लागतात.

गैरसमज : पुण्याहून घरच्या फायली हव्यात, तर राउटरवर ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडायचं.
वस्तुस्थिती : एसएमबी याच पोर्टवर चालतं. ते इंटरनेटला उघडून देणं म्हणजे कड्याला आपणच शिडी लावून ठेवणं. बाहेरून यायचं तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने, नाहीतर एसएफटीपीने. जुन्या एफटीपीत मात्र पासवर्डसुद्धा उघडाच प्रवास करतो.