वीपुरी प्रांताची जमीन

फिनलंडच्या आग्नेय कोपऱ्यांत वीपुरी नांवाचा एक प्रांत होता. होता असेंच म्हणावयास हवें. कारण आज त्याचा मोठा भाग रशियांत आहे. १२९३ मध्यें स्वीडिश लोकांनीं येथें किल्ला बांधिला, आणि पुढें शतकानुशतकें स्वीडन व रशिया हा मुलूख एकमेकांपासून हिसकावीत राहिले. परंतु लढायांची यादी सांगण्याचा माझा विचार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें तेथल्या कुळांविषयीं.

१७१० मध्यें पीटर दि ग्रेटनें वीपुरी शहर घेतलें. त्यानें व त्याच्यामागून आलेल्या राज्यकर्त्यांनीं येथील विस्तीर्ण जमिनी रशियन सरदारांस बक्षीस दिल्या. वाडवडिलांची जमीन कसणारा शेतकरी अशा रीतीनें परक्या धन्याचें कूळ झाला. १८०९ मध्यें उरलेला फिनलंडही झारकडे आला, तेव्हां अलेक्झांडर पहिला यानें १८१२ मध्यें हा प्रांत फिनलंडास जोडून दिला. एकाच धन्यानें धान्य या कणगींतून त्या कणगींत ओतावें तसेंच तें! कुळांचें दुःख मात्र तसेंच राहिलें. अखेर १८६७ पासून फिनलंडच्या सरकारनें कर्ज काढून त्या जमिनी सरदारांकडून विकत घेण्यास आरंभ केला, व शेतकऱ्यांनीं हप्ते भरभरून त्या आपल्या करून घेतल्या.

१९१७ मध्यें फिनलंड स्वतंत्र झाला. १९३९ च्या नोव्हेंबरांत सोव्हिएत सेनेनें चढाई केली. १३ मार्च १९४० रोजीं युद्ध थांबलें, तेव्हां वीपुरी शहराचा बराचसा भाग फिनी सैन्याच्याच ताब्यांत होता. तें गेलें तहाच्या कलमानें. गमावलेल्या मुलखांतून ४ लक्षांहून अधिक माणसें निघालीं. १९४१ मध्यें फिनलंडनें जर्मनीच्या बाजूनें युद्धांत उतरून हा मुलूख परत घेतला, तेव्हां २ लक्षांहून अधिक लोक परतले; जळलेलीं घरें त्यांनीं उभारलीं, शेतें नांगरलीं, आणि १९४४ मध्यें तींच पुन्हां टाकून ते निघाले.

लोकसंख्येचा दहावा हिस्सा असा उघड्यावर पडला, तेव्हां १९४५ मध्यें भूमिसंपादनाचा कायदा झाला. सरकार, कंपन्या, चर्च आणि मोठे जमीनदार यांच्याकडील जमीन घेऊन ती निर्वासितांस वाटण्यांत आली. एका गांवचे शेजारी शक्यतों नव्या ठिकाणींही जवळजवळच राहावे, अशी योजना होती. जमीन देणाऱ्यांची कुरकुर झाली नाहीं असें नाहीं. तरी वाटणी पार पडली.

त्याच वर्षीं वीपुरी प्रांताचा फिनलंडमध्यें उरलेला तुकडा क्युमी प्रांत या नांवानें ओळखूं लागले. १९९७ मध्यें तोही मोडून एका मोठ्या प्रांतांत मिळविला गेला.