स्नोबोर्डचं बाइंडिंग निवडताना: गुलमर्गला जाणाऱ्यांसाठी

आजचा भाग त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी एक-दोन सीझन स्नोबोर्डिंग शिकून घेतलंय आणि आता ज्यांना ऑफ-पिस्ट उतरायचंय. पिस्ट म्हणजे मशीन फिरवून दाबलेली, आखलेली वाट. तिच्या बाहेर बर्फ जसा पडला तसाच असतो, आणि गुलमर्गचं नाव जगभर आहे ते या बाहेरच्या बर्फासाठीच.

बोर्डबद्दल सगळे तासभर बोलतात. बाइंडिंगचं विचारलं की उत्तर येतं, "दुकानदाराने दिलं ते घेतलं." पण बूट बोर्डला बांधून ठेवणारी वस्तू तीच. खाली बेसप्लेट, मागे पोटरीला टेकणारा उभा हायबॅक, घोट्यावर एक स्ट्रॅप, बोटांवर एक स्ट्रॅप. स्ट्रॅपची दातेरी पट्टी रॅचेटमध्ये सरकते आणि कटकट आवाज करत आवळली जाते. झालं, एवढंच यंत्र.

आता मुद्द्याची गोष्ट. स्कीचं बाइंडिंग ठरावीक जोर आला की आपोआप सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही. त्यामागे कारण आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असताना एकच पाय सुटला, तर दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर अख्ख्या बोर्डचा पीळ पडेल. म्हणून दोन्ही पाय घट्टच ठेवलेले असतात. दाबलेल्या उतारावर हे सोयीचं असतं. बाहेरच्या खोल बर्फात मात्र तुम्ही डोकं खाली, पाय वर असे रुतलात, तर बोर्ड वरून अडकवून ठेवतो आणि स्ट्रॅप तुम्हालाच सोडावे लागतात. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली मोकळ्या बर्फाचा खड्डा तयार होतो, त्याला ट्री वेल म्हणतात. गुलमर्गहून बाबा रेशी, टंगमर्गकडे उतरताना असंच जंगल लागतं. ट्री वेलमध्ये उलटं पडलं की हात रॅचेटपर्यंत पोचतीलच असं नाही. त्यामुळे जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवाच. यावर कुठल्याही महागड्या बाइंडिंगचा उपाय नाही.

म्हणून माझी पहिली परीक्षा फ्लेक्सची नाही, हातमोज्यांची. दुकानात जाड मोजे घाला, बूट बाइंडिंगमध्ये अडकवा, डोळे मिटा आणि दोन्ही रॅचेट उघडून बघा. लिव्हर छोटा असेल, बोट घसरत असेल, तर पुढचं मॉडेल. हसू नका. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला अफरवाटवर जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. गोंडोलात बसताना बोर्ड पायातून काढावाच लागतो, म्हणजे वर वारा सुटलेला असताना दोन्ही पाय पुन्हा बांधायचे. प्रत्येक फेरीला. रॅचेटच्या दातात बर्फ भरून गोठला की छोटे, स्वस्त भाग आधी रुसतात. धातूचा, मोठ्या लिव्हरचा रॅचेट इथे पैसे वसूल करतो.

आता फ्लेक्स. कंपन्या १ ते १० असा आकडा देतात. तो आकडा प्रमाणित नाही बरं का. एका कंपनीचा ६ दुसरीचा ७ असू शकतो. ढोबळमानाने पार्कमध्ये उड्या मारणाऱ्यांना मऊ लागतं, वेगाने तीव्र उतार कापणाऱ्यांना कडक. सकाळी दाबलेला उतार, दुपारी विस्कटलेला बर्फ आणि मधेच पावडर, असं सगळं करायचं असेल तर मधल्यापेक्षा थोडं कडक, साधारण ६-७, बरं पडतं. फार मऊ असेल तर विस्कटलेल्या बर्फात तुम्ही वळायला सांगता आणि बोर्ड ऐकतो उशिरा. आपल्या भाषेत लॅग. फार कडक असेल तर प्रत्येक खड्डा थेट गुडघ्यात, आणि तिसऱ्या फेरीला मांड्या बंद. शिवाय बूट मऊ आणि बाइंडिंग कडक, असं जोडून फायदा नाही. आधी बूट घ्या, मग त्याला बसणारं बाइंडिंग. टाच मागे पूर्ण टेकली पाहिजे आणि घोट्याचा स्ट्रॅप बुटाच्या मधोमध आला पाहिजे. तो एका बाजूला सरकत असेल तर आधी त्याची लांबी जुळवून बघा. तरीही सरकला, तर साइज चुकलाय.

"स्टेप ऑन घेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो. बर्टनने २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत, स्ट्रॅपच नाहीत. बूट टाचेला एका आणि पुढे दोन ठिकाणी लॉक होतो. लिफ्टवाल्या दाबलेल्या उतारावर मस्त. पण खास बूटच लागतात, म्हणजे भाड्याचे कुठलेही बूट चालणार नाहीत. आणि मऊ बर्फात पाय दाबायला खाली काही ठोस नसतं, तळव्याला चिकटलेला बर्फ खरवडत बसावं लागतं. निडेकरचं सुपरमॅटिक साध्या बुटांवर चालतं आणि अडलं तर नेहमीसारखे स्ट्रॅपही आवळता येतात, त्यामुळे ते मला जास्त समजूतदार वाटतं. तरी पहिल्या ऑफ-पिस्ट ट्रिपसाठी मी साधे दोन स्ट्रॅपच सांगेन.

बोर्डशी जुळणी तपासा. बहुतेक बोर्डांवर ४ बाय ४ किंवा २ बाय ४ अशी भोकांची रचना असते, बर्टनच्या बोर्डांवर लांब चॅनल. बर्टनची ईएसटी बाइंडिंग्ज फक्त चॅनलवरच बसतात. ऑनलाइन सेल बघून घाईत ऑर्डर करणाऱ्यांनो, हे वाक्य परत वाचा.

बसवताना खोल बर्फासाठी दोन्ही बाइंडिंग्ज शेपटीकडे दोनेक सेंटिमीटर सरकवा, म्हणजे नाक बर्फावर तरंगतं आणि मागची मांडी कमी भरून येते. हायबॅकचा पुढचा कलही थोडा कमी करा. कोन पुढचा +१५, मागचा -६ किंवा -९ असा ठेवून सुरुवात करा, मग गुडघे काय म्हणतात ते ऐका.

स्क्रूंसाठी फिलिप्स ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर लागतो. घरातला नेहमीचा २ नंबरचा वापरलात तर डोकं झिजतं आणि मग ते स्क्रू निघत नाहीत. हाताने घट्ट करा, ड्रिल मशीन नको. पहिल्या फेरीनंतर एकदा पुन्हा तपासा, कारण ते सैल होतातच. सोबत चार जास्तीचे स्क्रू, एक दातेरी पट्टी आणि एक रॅचेट ठेवा. तुमच्या मॉडेलचा भाग तिथे मिळेलच असं धरू नका. स्क्रूड्रायव्हर चेक-इन बॅगेत, नाहीतर तो विमानतळावरच राहील.

आणि हिमस्खलन. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीयर्स गेले. बोर्ड पायाला असेल तर बर्फाच्या लोंढ्यात तो नांगरासारखा खाली ओढतो, आणि त्या क्षणी रॅचेट उघडायला वेळ नसतो. म्हणून त्या दिवसाचा धोक्याचा इशारा बघितल्याशिवाय, ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं आणि स्थानिक गाइड यांच्याशिवाय दोरीपलीकडे जाऊ नका. ट्रान्सीव्हर कसा वापरायचा, हे पुढच्या भागात.