भैरवातला जॅझ

मुदखेडच्या एखाद्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला जॅझ शिकावासा वाटला, तर त्याने आधी भैरव घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. जॅझमधली अवघड समजली जाणारी एक युक्ती त्या रागाच्या स्वरांत आयतीच सापडते.

जॅझमध्ये पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या कॉर्ड तीन. रिषभावरची रे-म-ध-सा, पंचमावरची प-नी-रे-म आणि शेवटी विसाव्याची सा-ग-प-नी. खालचा पाया लांब उड्या घेतो, पण आत फारच थोडं हलतं. सा उतरून नी होतो; म दुसऱ्या कॉर्डमध्ये तसाच थांबतो आणि मग ग वर उतरतो. चाल बांधणाऱ्याने एवढं धरलं तरी मुखडा सुचू लागतो. आता पंचमाच्या जागी कोमल रिषभाची कॉर्ड ठेवा: कोमल रे, म, कोमल ध, नी. म आणि नी जागेवरच आहेत. मुदखेड जंक्शनात उभ्या गाडीला आदिलाबादचा रूळही मिळू शकतो, तसं त्या दोन सुरांपुढे वेगळी वाट उघडते. पाया रे, कोमल रे, सा असा अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरतो. क्रोमॅटिक म्हणतात ते हेच. आणि या नव्या कॉर्डचे चारही सूर भैरवातले! विसाव्याच्या कॉर्डचेही.

मुंबईत ही विद्या रुजवली ती प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकी बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे आल्दोन्याचे चिक चॉकलेट ट्रंपेटवर गाजले, पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये राग थेट मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिले. त्या धाडसाची आपण पुरेशी कदर केली नाही, याचं मला वाईट वाटतं. १९६८ मध्ये शंकर-जयकिशनची ‘रागा जॅझ स्टाइल’ आली. सतारीवर रईस खान, अकरा राग, त्यांत भैरवही. मला ती तबकडी फार आवडते. तरी कॉर्ड रागाच्या पोटातूनच काढल्या तर आणखी पुढे जाता येईल, असं वाटतं.

खरी अडचण षड्जाची. तंबोरा सतत सा धरतो आणि कोमल रिषभाच्या कॉर्डला तो सा टोचतो. तेवढ्या मात्रा तंबोरा थांबवावा लागतो. दुसरं म्हणजे भैरवातला रिषभ आंदोलित. पेटीची पट्टी तो दाखवू शकत नाही. गायक त्या रिषभावर असताना पेटीने गप्प राहावं आणि तो म वर किंवा नी वर थांबला की मगच ही कॉर्ड द्यावी.