अहमदनगरचा समुद्र

अहमदनगर जिल्ह्याला समुद्र नाहीं, ही गोष्ट शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव धारण केलेल्या ह्या जिल्ह्याचा नकाशा पाहिला, तर तो अरबी समुद्राकडे पाठ करूनच बसला आहे असें वाटतें. प्रवरा आणि मुळा गोदावरीला मिळतात, सीना भीमेला मिळते, आणि हें सारें पाणी अखेरीस पूर्वेकडे बंगालच्या उपसागराची दूरची वाट धरतें. अपवाद आहे तो अकोलें तालुक्याच्या पश्चिम कडेचा. हरिश्चंद्रगडावर पडलेला पावसाचा थेंब पूर्वेच्या उतारावर पडला तर मुळेच्या वाटेनें पैठणाकडे जाईल. कोंकणकड्यावरून पलीकडे पडला तर तो कांहीं क्षणांत कोंकणांत उतरेल आणि थोड्याच दिवसांत एखाद्या खाडींत भरतीच्या पाण्याला मिळेल. दोन थेंबांमध्यें अंतर पावलाचें. प्रवासांत मात्र अर्ध्या हिंदुस्थानाचें.

परंतु इतिहासांत नगरला समुद्र होता. मलिक अहमद निजामशहा १४९० सालीं स्वतंत्र झाला, चार वर्षांनीं त्यानें सीनेच्या कांठीं आपलें शहर वसविलें, आणि त्याच्या राज्याचा पश्चिमेकडील दरवाजा होता चौल. कुंडलिका नदी समुद्राला मिळतांना जी खाडी करते तिच्या उत्तर तीरावरचें हें बंदर नगरपेक्षां पुष्कळच जुनें. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन येथेंच उतरला आणि येथूनच घाट चढून जुन्नरास गेला. अरबस्तानांतून आणि होर्मुझहून आलेले घोडे चौलास उतरत. देशावरचें कापड चौलहून परदेशीं जाई. शंभराहून अधिक मैल आंत असलेल्या राजधानीला ह्या बंदराचें महत्त्व किती वाटत होतें, तें तिनें त्यासाठीं केलेल्या लढायांवरून समजतें. १५२१ पासून पोर्तुगीजांनीं खाडीच्या मुखाशीं, आज ज्याला रेवदंडा म्हणतात तेथें, किल्ला बांधण्यास आरंभ केला. १५७० सालीं मुर्तजा निजामशहानें त्याला वेढा घातला. त्याचें सैन्य पोर्तुगीजांच्या कितीतरी पट होतें. पण वेढा जमिनीकडून होता आणि किल्ल्याला कुमक येत होती ती गोव्याहून, पाण्यावरून. कित्येक महिने झुंजून १५७१ सालीं निजामशहाला तह करावा लागला. पुढें पलीकडच्या तीरावर कोर्लईच्या डोंगरावर नगरकरांनीं आपला किल्ला उभारला, तोहि १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं घेतला. ज्याच्या हातीं जहाज त्याच्या हातीं खाडी, हा ह्या किनाऱ्याचा कायदा नगरच्या घोडदळाला फार महागांत शिकावा लागला. १६३६ सालीं निजामशाहीच बुडाली आणि नगरचा समुद्रहि गेला.

आतां ह्या किनाऱ्याचें स्वरूप पाहण्यासारखें आहे, कारण वरील कायदा त्याच्या घडणींतूनच निघालेला आहे. चौलहून होडीनें दक्षिणेस निघालें कीं दर पांचसात कोसांवर जमीन तुटते आणि पाणी आंत शिरतें. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी, मग राजापूर, विजयदुर्ग, देवगड आणि शेवटीं गोव्याच्या सीमेवर तेरेखोल. दोन खाड्यांच्या मध्यें डोंगराची सोंड थेट समुद्रांत उतरलेली, तिच्या टोंकाशीं बहुधा एक किल्ला आणि कुशींत कोळ्यांचें एक गांव. जमिनीवरून जाणाऱ्याला हा किनारा म्हणजे एकामागून एक अडथळे. पाण्यावरून जाणाऱ्याला तो एकच सलग रस्ता. एका तीरावरच्या गांवाला समोरच्या तीरावरचें घर दिसावें, तेथली हांक ऐकूं यावी, आणि खुष्कीच्या वाटेनें तेथें पोहोंचण्यास अख्खा दिवस लागावा, असा हा प्रकार.

पृथ्वीच्या पाठीवर असाच दुसरा एक प्रसिद्ध किनारा आहे, नॉर्वे देशाचा. तेथल्या खाड्यांना फियोर्ड म्हणतात. हल्लीं महाराष्ट्रांतील सुखवस्तु कुटुंबें लाखों रुपये खर्चून उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या ह्या खाड्या आणि तेथलीं मच्छीमारांचीं गांवें बोटींतून पाहावयास जातात, म्हणून दोहोंची तुलना करणें अप्रस्तुत होणार नाहीं. दोन्ही ठिकाणीं घडलें आहे एकच: नद्यांच्या जुन्या दऱ्यांत समुद्र शिरला आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं हिमयुग भरांत होतें तेव्हां जगांतलें पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपानें जमिनीवर अडकलें होतें आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. बर्फ वितळलें, समुद्र चढला, आणि कोंकणांतील नद्यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या. त्याच आपल्या खाड्या.

फरक आहे तो दरी कोणीं कोरली ह्याचा. कोंकणांत ती नदीनें कोरली. नॉर्वेंत पाण्याच्या जोडीला हिमनदी होती. शेंकडों मीटर जाडीचें बर्फ आपल्या पोटांत दगडधोंडे घेऊन सरकूं लागलें म्हणजे तें दरीचा तळ किसणीसारखा किसून काढतें आणि कडा उभ्या तासतें. म्हणून फियोर्ड विलक्षण खोल असतो. सोग्ने नांवाचा त्यांतला सर्वांत लांब फियोर्ड दोनशें किलोमीटरांहून अधिक आंत गेलेला असून त्याची खोली १३०० मीटरांच्या वर आहे. नगर जिल्ह्यांतील आणि साऱ्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटरांचें. तें ह्या पाण्यांत नेऊन उभें केलें तर सुमारें साडेतीनशें मीटरांचा शेंडा तेवढा वर दिसेल. उलट कोंकणची खाडी उथळ. पावसाळ्यांत सह्याद्रीवरून धांवत आलेलें पाणी दरवर्षीं माती आणून टाकतें, तींत कांदळाचीं झाडें मुळें रोवतात, आणि मुखाशीं लाटा वाळूचा बांध घालतात.

ह्या एका फरकानें दोन्हीकडच्या बोटींचें सारें नशीब ठरलें. नॉर्वेंत मोठें जहाज गांवाच्या दाराशीं लागूं शकतें. लोफोतेन बेटांजवळचा ट्रोल फियोर्ड मुखाशीं अवघा शंभर मीटर रुंद, तरीहि उन्हाळ्यांत शेंकडों उतारू घेतलेलीं जहाजें त्यांत शिरतात आणि आंतल्या आंत वळून परत येतात. कोंकणांत आगबोट बाहेर समुद्रांतच नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावांतून किनाऱ्यावर नेत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें आणि पणजी, ह्या बंदरांचीं नांवें मुंबईच्या चाळींतील कोंकणी माणसाला आरतीसारखीं पाठ असत. बोटीचा भोंगा वाजला कीं किनाऱ्यावरून पडाव निघत आणि तिच्या अंगाला येऊन भिडत. खरी परीक्षा येथेंच. लाटेबरोबर पडाव वर येई तो एक क्षण साधून खालच्या खलाशाच्या हातीं मूल द्यावयाचें, पुढच्या लाटेला ट्रंक, त्याच्या पुढच्या लाटेला म्हातारी आजी. रात्रभर बोट लागून अर्धमेलीं झालेलीं माणसें हें सर्व कंदिलाच्या उजेडांत, प्रसंगीं मध्यरात्रीं, करीत असत. त्यांतून नाताळाच्या आणि शिमग्याच्या सुट्या होत, मनीऑर्डरी पोहोंचत, आंब्याच्या पेट्या मुंबईस जात. ज्यांनीं हा प्रवास केला ते त्याला सहल म्हणत नसत.

नॉर्वेंतील प्रसिद्ध फेरीचाहि जन्म सहलीसाठीं झालेला नाहीं. १८९३ पूर्वीं मध्यभागींच्या ट्रोंडहाइम शहराहून उत्तरेच्या हामरफेस्ट गांवीं हिंवाळ्यांत पत्र पोहोंचण्यास पांच महिनेहि लागत. बारमाही बोट चालविण्यास मोठ्या कंपन्या तयार होईनात, कारण त्या अंधाऱ्या किनाऱ्यावर दीपगृहें अगदीं थोडीं. रिचर्ड विथ नांवाच्या कप्तानानें तें काम पत्करलें. त्यानें आणि त्याच्या वाटाड्यानें प्रत्येक वळणावरची होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि लागणारीं मिनिटें वहींत टिपून ठेविलीं होतीं. कांहीं दिसलें नाहीं तरी घड्याळ आणि होकायंत्र ह्यांवर बोट हांकतां येई. २ जुलै १८९३ रोजीं ती पहिली बोट निघाली. उष्ण सागरप्रवाहामुळें तो किनारा ध्रुववृत्तापलीकडेहि गोठत नाहीं, म्हणून फेरी खरोखरच बारमाही झाली. आज ती बर्गेनहून निघून ३४ बंदरें घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाते आणि बारा दिवसांत परत येते. परदेशीं प्रवासी बोटीच्या कठड्याशीं उभे राहून मध्यरात्रींचा सूर्य पाहत असतात, त्याच वेळीं खालच्या दाराने एखाद्या खेड्याचा माल उतरत असतो. ह्या फेरीसाठीं तेथील सरकार आजहि दोन कंपन्यांना पैसे देतें, कारण सरकारच्या हिशेबीं तो रस्ता आहे.

मच्छीमारांच्या गांवांत तर हे दोन किनारे सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. लोफोतेनमध्यें हिंवाळ्याच्या अखेरीस कॉड मासा पकडतात, दोन-दोन मासे शेपटीशीं बांधून लांकडी मांडवांवर टांगतात, आणि थंड वारा तो मिठावांचून वाळवून काठीसारखा कडक करतो. उत्तर कोंकणांत बोंबील असाच टांगतात. फक्त शेपटीशीं न बांधतां एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवितात. तेथें वारा वाळवितो, येथें ऊन. वाळला कीं तो कॉड इटलींत आणि नायजेरियांत जातो; बोंबील आणि सुकट घाट चढून देशावरच्या आठवडे बाजारांत बसतात. नगरचा समुद्राशीं जो संबंध आज उरला आहे त्यांत ह्या सुक्या मासळीचा वाटा मोठा आहे, आणि निजामशाहीच्या तोफांपेक्षां तो अधिक टिकाऊ ठरला.

मग कोंकणची बोट कां बंद पडली? पहिलें कारण पावसाळा. जूनपासून चार महिने गोव्याकडील फेऱ्या थांबत; नारळीपौर्णिमेपर्यंत कोळीहि समुद्राला मान देतो. दुसरें कारण, ज्या बोटी चालत त्यांनीं लोकांचा विश्वास जपला नाहीं. नोव्हेंबर १९२७ मध्यें ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच वादळांत बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन आषाढी अमावास्येस, ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळीं रेवसला निघाली. रेवस म्हणजे अलिबाग-चौलकडे जाणारांचें उतरण्याचें ठिकाण. अंतर थोडें, वाट रोजची. ती बंदराजवळच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. इतक्या जवळ घडलेल्या ह्या अनर्थाची वार्ता शहराला कळण्यास कित्येक तास लागले. तिसरें कारण रस्ता. एस्. टी. आणि मालमोटारी गांवोगांव पोहोंचल्या, ‘कोंकण सेवक’ आणि ‘कोंकण शक्ति’ ह्या अखेरच्या बोटी १९८० नंतरच्या दशकाबरोबर इतिहासजमा झाल्या, आणि १९९८ पासून कोंकण रेल्वे पूर्ण मार्गानें धांवूं लागली. २०१८ सालीं मुंबई-गोवा अशी एक आलिशान बोट सुरू झाली होती, पण ती फार वर्षें चालली नाहीं. सायंकाळीं निघून सकाळीं गोव्यास लागणारी ही बोट जुन्या बंदरांपुढून रात्रींच्या अंधारांत निघून जाई. नॉर्वेच्या बोटीचें सौंदर्य तिच्या थांबण्यांत आहे. जिला कोठेंच काम नाहीं ती बोट किनाऱ्याला काय दाखविणार?

असें असलें तरी ज्या नगरकर कुटुंबाला आपल्या जुन्या समुद्राची ओळख करून घ्यावयाची आहे, त्याला नॉर्वेपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. घाट उतरून रेवदंड्यास यावें, पुलावरून कुंडलिका ओलांडून कोर्लईच्या किल्ल्यावर चढावें. खालच्या गांवांत पोर्तुगीज भाषेची एक मराठमोळी झालेली शाखा अद्याप घरांत बोलली जाते, ती कानीं पडेल. तेथून दक्षिणेस खाड्या ओलांडण्यास मोटारीसकट नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावें, तवसाळहून जयगड. ह्या खाड्यांवर सागरी महामार्गाचे पूल योजलेले आहेत, तेव्हां ही फेरी लवकर केलेली बरी. प्रत्येक फेरींतील पाण्यावरचा वेळ थोडकाच, पण तेवढ्यांत जमिनीवरून न दिसणारा किनारा दिसतो. बागमांडल्याहून निघतांना भरतीची वेळ विचारून घ्यावी. भरपूर पाणी असलें म्हणजे सावित्री समुद्राएवढीच रुंद वाटते; उजव्या हातास मुखाशीं बाणकोटचा किल्ला, डाव्या हातास आंत आंत गेलेलें पाणी, आणि त्याच्या शेवटीं, हवा स्वच्छ असेल तर, निळसर सह्याद्रि.